शंभरातले सहा

“सतरा चोक अडुसष्ट,” असं म्हणून संघमित्राने बॉल सोडला. तो रिंगच्या मागच्या कडेवर आपटला, वर उडाला आणि बाहेर पडला.

“सतरा पाचा पंच्याऐंशी.” हा आत गेला.

“आवाज!” बोकाडे सर मैदानाच्या कडेवरून ओरडले. “पाढा म्हणून राहिली का मंत्र पुटपुटून राहिली? मॅचमध्ये दोनशे माणसं बोंबलत असतात. तेव्हा कानात बोटं घालशील?”

“सतरा सक एकशे दोन!” ती ओरडली. बॉल रिंगला न लागताच अलीकडे खाली पडला.

“हात नाही, फावडं आहे ते,” सर म्हणाले. “गिट्टी ओढायला पाठवा हिला.”

बाकावरच्या मुली हसल्या. मी हसले नाही. मी मोजत होते.

एकोणीसशे चौऱ्याण्णवचा ऑक्टोबर. नागपुरात आमच्या कॉलनीच्या मैदानावर सकाळी साडेपाचला मुलींचा बास्केटबॉलचा सराव सुरू व्हायचा. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय संख्याशास्त्र. आधी मी याच क्लबकडून खेळायचे. गुडघा गेला, खेळ सुटला, पण पहाटे उठायची सवय सुटली नाही. सरांनी माझ्या हातात रजिस्टर दिलं. कोण किती वाजता आली, कोणी किती शूट केले, किती आत गेले, सगळं मी लिहायचे. कोणी आकड्यावरून भांडायला लागली की सर म्हणायचे, “पाठकच्या वहीत चूक नसते.” आणि भांडण मिटायचं.

पाढे ही सरांची पद्धत. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर रेघेवरून मिळणारे शूट, मारताना खेळाडूने अकरापासून वीसपर्यंतचे पाढे मोठ्याने म्हणायचे. एका शूटला एक ओळ. दहा पाढे, शंभर ओळी, शंभर शूट. वीस दाहे दोनशे म्हटलं की सराव संपला. डोकं पाढ्यात अडकलं की हात आपोआप काम करायला शिकतो, असं सरांचं म्हणणं. त्याचा दुसरा परिणाम असा, की मारणारीला आपले किती आत गेले ते कधीच कळायचं नाही. रिंगखाली बॉल परत टाकणारी मुलगीही दर पाढ्याला बदलायची. शंभराचा हिशेब एकट्या माझ्याकडे असायचा.

संघमित्रा ढोके पंधरा वर्षांची होती आणि तिची उंची पाच फूट दहा इंच होती. तिच्याएवढी धावणारी, तिच्याएवढी उडी मारणारी मुलगी जिल्ह्यात नव्हती. पण तिला फ्री थ्रो जमत नव्हता, आणि ते सगळ्यांना माहीत झालं होतं. समोरच्या टीमच्या मुली सरळ तिला धरायच्या. फाउल होऊ दे, ही काय घालते, असं तिच्यासमोरच म्हणायच्या. ती रेघेवर उभी राहायची, दोन शूट मारायची, दोन्ही बाहेर.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जिल्ह्याच्या टीमची निवड होती. अकरा नावं जवळपास पक्की होती. बाराव्या जागेसाठी दोघी होत्या, संघमित्रा आणि शर्वरी. शर्वरी हळू धावायची, पण तिचा हात चांगला होता. टीममध्ये येणारीला मुलींच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. राहणं, खाणं, बारावीपर्यंतचं शिक्षण. शर्वरीला त्याची गरज नव्हती. संघमित्राच्या घरी ठरलेलं होतं, की दहावी झाली की तिने बल्लारशाला काकाकडे जायचं आणि त्याच्या जुळ्या पोरांना सांभाळायचं.

“शंभरात सत्तर,” सरांनी तिला सांगितलं होतं. “निवडीच्या दिवशी सत्तर घाल, मी तुझ्यासाठी भांडतो. एकोणसत्तर झाले तर माझ्यासमोर उभी राहू नको.”

आणि रोज सत्तराला जितके कमी पडतील तितक्या मैदानाला फेऱ्या.

पहिल्या आठवड्यातले तिचे आकडे मला आजही पाठ आहेत. चव्वेचाळीस, अठ्ठावन्न, एकोणपन्नास, सत्तावन्न, सेहेचाळीस, पंचावन्न, अठ्ठेचाळीस. सरासरी एक्कावन्न.

आठवड्याच्या शेवटी सरांनी रजिस्टर मागितलं. त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवलं.

“हे बघ. चव्वेचाळीस. त्या दिवशी मी हिला धुतलं. दुसऱ्या दिवशी किती? अठ्ठावन्न. मी शाबास म्हटलं. दुसऱ्या दिवशी घसरली, एकोणपन्नास. पुन्हा झाडलं, सत्तावन्न. पुन्हा शाबास, सेहेचाळीस. दिसून राहिलं का तुला?”

“दिसतंय, सर.”

“या पोट्टीला शाबासकी पचत नाही. गोड बोललं की हात ढिला पडतो.”

मला दिसत होतं ते वेगळं होतं. त्याच महिन्यात आम्हाला वर्गात शिकवलं होतं, की फार चांगल्या दिवसानंतरचा दिवस बहुतेक साधा असतो आणि फार वाईट दिवसानंतरचाही साधाच असतो, मधे कोणी काही बोलो की न बोलो. मी म्हणाले, “सर, याला दुसरंही एक कारण असू शकतं.”

“असेल ना. तुम्ही शिकलेले लोक.” ते हसले. मग एकदम गंभीर झाले. “ऐक. उद्यापासून हिला सहा कमी सांगायचे.”

“म्हणजे?”

“पन्नास झाले तर चव्वेचाळीस सांग. साठ झाले तर चोपन्न. रजिस्टरमध्येही तेच लिही, ती कधी डोकावली तर. खरे आकडे तुझ्या डायरीत ठेव, आठवड्याला मला दाखव. मी सांगितलं तर तिला संशय येईल. तू सांगितलंस तर येणार नाही. तुझ्यावर अख्ख्या मैदानाचा भरवसा आहे, पाठक.”

ते माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. दुसरं कारण काय ते मी सांगितलं नाही. मी विचारलं, “सहाच का?”

“पाच म्हटलं तर कोणीतरी ठरवून कापल्यासारखं वाटतं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिचे चोपन्न झाले. मी डायरीत पाचापाचाच्या काड्या ओढल्या, बेरीज केली आणि म्हणाले, “अठ्ठेचाळीस.”

“अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली आणि बावीस फेऱ्या मारायला गेली.

पहिले दोन-तीन दिवस मला तोंड उघडण्याआधी थांबावं लागायचं. वजाबाकी करायची, मग बोलायचं. मग थांबावं लागेना.

फेऱ्याही मीच मोजायचे. मैदान अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद, म्हणजे एक फेरी शहाऐंशी मीटर. शेवटच्या सहा फेऱ्या आल्या की मी खाली रजिस्टरमध्ये बघायचे.

तिचा हात सुधारत होता. दुसऱ्या आठवड्याची सरासरी त्रेपन्न आली, तिसऱ्याची पंचावन्न, चौथ्याची सत्तावन्न. मी घरी त्याचा आलेख काढला होता. रोजचे ठिपके वरखाली उड्या मारत होते, पण त्यांच्यामधून जाणारी रेघ चढती होती. तिला जे ऐकू येत होतं त्याचा मात्र असा हिशेब होता: सत्तेचाळीस, एकोणपन्नास, एक्कावन्न.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी ती फेऱ्या संपवून माझ्याजवळ आली. धापा टाकत होती. पायातल्या बुटांचे पुढचे भाग फाटले होते, तिथे तिने सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले होते.

“ताई, एक विचारू? रागवाल नाही ना?”

“विचार.”

“या आठवड्यात सरासरी किती आली माझी?”

“एक्कावन्न.”

“पहिल्या आठवड्यातही एक्कावन्नच होती ना?”

“हो.”

“महिना झाला, ताई,” ती म्हणाली. “ शाळा सुटल्यावरही मी मारते, दीड-दोनशे, पाढे म्हणतच. मला वाटते का जाऊन राहिले आत. पण ते नुसतं वाटते.” तिने हाताचे पंजे माझ्यासमोर धरले, जणू त्यात काही बिघडलेलं मला दिसेल. “तुम्ही गणितवाल्या आहात. खरं सांगा. सुधारेल का माझं?”

सर वीस पावलांवर उभे होते. त्यांना ऐकू येत नव्हतं. मी सांगितलं असतं तर त्यांना कळलंही नसतं.

“आकडे तुझ्यासमोरच आहेत,” मी म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “तुम्ही तर खोटं नाही सांगत. बाकीचे उगाच म्हणतात, सुधारेल सुधारेल.”

त्या शनिवारी मी सरांना डायरी दाखवली. ते खूश झाले. “बघ! सत्तावन्न! म्हटलं होतं ना मी? भूक लागली पाहिजे पोट्टीला, भूक.”

“सर, आता तिला खरं सांगायला हरकत नाही.”

“आता? आता तर चढून राहिली. आत्ता सांगितलं तर बसेल ना फुगून.” त्यांनी डायरी मिटून माझ्या हातात दिली. “निवडीच्या दिवशी बघ तू. सत्तर काय, पंच्याहत्तर घालेल. मी स्वतः पेढे देईन तिच्या आईला.”

ते खरंच तसं समजत होते. मला आज त्यांच्यावर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही, ते यामुळे.

पाचव्या आठवड्यात एकसष्ट. सहाव्यात चौसष्ट. तिच्यासाठी पंचावन्न आणि अठ्ठावन्न. बाकावरच्या मुलींनी तिचं नाव फावडं ठेवलं होतं. आधी मागे म्हणायच्या, मग तोंडावर. शर्वरी तेवढी म्हणायची नाही. शेवटच्या आठवड्यात संघमित्रा कोणाशी बोलेनाशी झाली. पाढे मात्र खणखणीत म्हणायची.

निवडीच्या दिवशी थंडी होती. निवड समितीच्या अभ्यंकर मॅडम आल्या होत्या, स्वतः जुन्या राष्ट्रीय खेळाडू, पांढरी सलवार-कमीज, गळ्यात शिट्टी. त्यांनी आधी सगळ्यांच्या मॅच घेतल्या. संघमित्राने तासाभरात एवढे बॉल हिसकावले की मॅडमनी दोनदा तिचं नाव विचारलं.

“ही मुलगी मला हवी आहे, बोकाडे,” त्या म्हणाल्या. “पण रेघेवर तिची काय अवस्था आहे ते मी ऐकलंय. सत्तर घालते का?”

“घालेल,” सर म्हणाले.

“मग होऊन जाऊ दे. तुम्ही त्या टोकाला शर्वरीचे मोजा. हिचे ही मुलगी मोजेल ना?” मॅडमनी माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं, दोन पानं उलटली. “किती सुंदर वही ठेवली आहेस. कुठल्या वर्षाला आहेस?”

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “अशी माणसं क्रीडा क्षेत्रात नाहीत म्हणून आपली ही दशा.” त्यांनी रजिस्टर आपल्याकडेच ठेवलं आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.

सर शर्वरीला घेऊन दुसऱ्या टोकाला गेले. जाताना माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मी त्यांना विचारला नाही.

“अकरा एके अकरा,” संघमित्राने सुरुवात केली.

मी मांडीवर डायरी ठेवून काड्या ओढत होते. मॅडम आकड्यांकडे नाही, तिच्या पायांकडे बघत होत्या. गुडघे छान वाकतात, असं एकदा म्हणाल्या. तेराच्या पाढ्यात तिचे सलग आठ गेले. पंधराच्या पाढ्यात चार चुकले आणि मला वाटलं आता ती कोसळेल. ती कोसळली नाही. तिचा आवाज एका पट्टीत चालला होता, देवळातल्या घंटेसारखा नाही, शाळेतल्या पोरीसारखा, सपाट. अठराच्या पाढ्यात नऊ. एकोणिसाच्या पाढ्यात आठ.

“वीस दाहे दोनशे.” शेवटचा बॉल जाळीतून खाली आला. रिंगला लागलाही नाही.

मी काड्या मोजल्या. पाचाचे चौदा गठ्ठे आणि वर दोन.

“किती झाले?” मॅडमनी पेन उघडलं.

“सहासष्ट,” मी म्हणाले.

मॅडमनी रजिस्टरमध्ये शाईने सहासष्ट लिहिलं आणि खाली सही केली.

पस्तीस सकाळींचा सराव होता तो. डोळ्यांना बहात्तर दिसले आणि तोंडातून सहासष्ट गेले. मधे मी कुठे नव्हतेच. पण त्यानंतर होते. मॅडमनी सही करून पेनाचं टोपण लावेपर्यंत पाच-सहा सेकंद तरी गेले असतील. “थांबा, माझं चुकलं” एवढंच म्हणायचं होतं. मग मॅडम म्हणाल्या असत्या, चुकलं कसं? दाखव डायरी. मग डायरीतले बाकीचे पस्तीस दिवसही त्यांना दिसले असते. मी ते सगळं नीट, क्रमाने पाहिलं. डायरी मिटली आणि पर्समध्ये टाकली.

सर मैदान ओलांडून जवळजवळ पळत आले. “शर्वरीचे एक्क्याऐंशी. हिचे?”

“सहासष्ट,” मॅडम म्हणाल्या. “वाईट वाटलं मला. चार कमी पडले.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमना म्हणाले, “एक मिनिट,” आणि मला रिंगच्या खांबाच्या मागे घेऊन गेले.

“पाठक. आज खरा आकडा सांगितला ना तू? आज परीक्षा होती. आजचे सहासष्ट म्हणजे सहासष्टच ना?”

ते विनवल्यासारखं विचारत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी बहात्तर म्हटलं असतं तर त्यांनी मॅडमसमोर जाऊन आपली सगळी पद्धत स्वतःच्या तोंडाने सांगितली असती. आज मला याची खात्री आहे. तेव्हाही होती.

“हो, सर,” मी म्हणाले. “खरेच.”

त्यांनी खांबाला हात टेकवला.

“मग नाही हिच्यात,” ते म्हणाले. “मी उगाच मारून मुटकून... जाऊ दे.”

बारावं नाव शर्वरीचं वाचलं गेलं. मुली टाळ्या वाजवून पांगल्या. संघमित्रा रेघेवरच उभी होती. मी सामान आवरत होते, तेव्हा ती जवळ आली.

“ताई, आज मला हलकं लागून राहिलं होतं. हात एकदम हलका. मला वाटलं, सत्तरच्या वर गेले.”

“तू मोजलेस?”

“नाही. पाढे म्हणत होते ना.”

“मग तुला कसं कळणार?”

तिने मान हलवली. “हो. तेही खरंच.”

मग ती वळली आणि धावायला लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. सर निघून गेले होते, मॅडमची रिक्षा वळणावर गेली होती. सत्तराला चार कमी म्हणून ती चार फेऱ्या धावली, रेषेवरून, एकही कोपरा न कापता. मी मोजल्या. चार झाल्यावर ती थांबली, बूट काढून हातात घेतले आणि अनवाणीच घरी गेली. मैदानावर पुन्हा आली नाही.

त्या पस्तीस दिवसांत ती रोज सहा फेऱ्या जास्त धावली होती. दोनशे दहा. अठरा किलोमीटर आणि वर साठ मीटर. हा हिशेब मी त्याच दिवशी घरी गेल्यावर केला, डायरीच्या शेवटच्या पानावर.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी मला उपाशीपोटी साखर तपासायला सांगितली. घराजवळच्या लॅबमध्ये मी सकाळी सातला गेले. माझी नस लवकर सापडत नाही. दरवेळी दोन-तीन ठिकाणी टोचतात. पांढरा कोट घातलेल्या एका उंच बाईने माझा हात उशीवर ठेवला, दंडाला पट्टा बांधला, अंगठ्याने एकदाच दाबून पाहिलं आणि सुई घातली. मला कळलंही नाही. नळीत रक्त चढायला लागलं.

“कमाल आहे,” मी म्हणाले. “हात फार चांगला आहे तुमचा.”

“सगळेच म्हणतात,” ती हसली. “लहान पोरं तर माझ्याकडेच पाठवतात. पाठक ताई ना तुम्ही? मी केव्हाची बघून राहिले. ओळखलं नाही ना? संघमित्रा. फावडं.”

माझा हात उशीवर बांधलेला होता.

“बल्लारशाला गेले होते, सहा वर्षं,” ती नळी बदलत म्हणाली. “मग लग्न. मग हा कोर्स केला, मोठ्या वयात. बरं चाललंय. तुमची आठवण निघते, ताई. मी ह्यांना सांगते नेहमी. तेव्हा सगळे मला चढवून द्यायचे, मास्तर शिव्या द्यायचे, पण तुम्ही एकट्याच अशा होत्या की आहे ते सांगितलं. नाहीतर मी त्या बॉलमागे आणखी चार वर्षं घालवली असती.”

“संघमित्रा,” मी म्हणाले.

“दुखतंय का?”

“नाही.”

तिने सुई काढली, कापसाचा बोळा ठेवला, माझा हात कोपरात दुमडला.

“आता पोरगी मागे लागली आहे माझ्या. तेरा वर्षांची आहे, माझ्याच एवढी उंच. शाळेत बास्केटबॉल आहे, खेळू दे म्हणते. मी सांगून टाकलं, धाव, उडी मार, काहीही कर, पण ते नको. आपल्या घरात तो हातच नाही. मोजून पाहिलेलं आहे.” तिने नळीवर माझं नाव लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि पुढच्या माणसाला आत यायची खूण केली. “पाच मिनिटं दाबून धरा, ताई. बाकीच्यांना मला घड्याळ दाखवावं लागते. तुम्ही बरोबर मोजाल.”

मी बाहेरच्या बाकावर बसले आणि तीनशेपर्यंत मोजलं.